चुकांची वही ठेवणारं यंत्र

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एसीचं तापमान २० ते २८ अंशांमध्येच ठेवता येईल असा नियम आणणार असल्याचं सांगितलं आणि आमच्या घरात वाद पेटला. भाच्याचं म्हणणं, "मामा, उन्हातून घामाघूम होऊन आल्यावर सोळावर टाकल्याशिवाय खोली पटकन गार होते का?" नियम बरा की वाईट ते राहू द्या. पण सोळावर टाकलं की एसी जास्त जोर लावतो, ही समजूत मी शिकल्यासवरल्या लोकांकडूनही ऐकली आहे.

साध्या एसीच्या कंप्रेसरला दोनच गोष्टी कळतात, चालू आणि बंद. खोली ३४ अंशांवर असेल तर रिमोटवर १६ लावा नाहीतर २४, तो तेवढ्याच ताकदीने चालणार. २४ लावलं तर २४ च्या आसपास थांबेल, १६ लावलं तर बहुधा थांबणारच नाही. पुण्याहून निघालेल्या एसटीत कोल्हापूरचं तिकीट काढलं म्हणून सातारा लवकर येत नाही, तसंच हे.

भाच्याने लगेच विचारलं, "आणि इन्व्हर्टर एसी?" प्रश्न चांगला होता. इन्व्हर्टर एसीत कंप्रेसरचा वेग कमी-जास्त होतो. लक्ष्य लांब असेल तर तो जोरात पळतो, जवळ आलं की वेग उतरवतो. त्यामुळे खोली २७ वर आल्यानंतर, २४ लावलेला एसी मंद होऊ लागेल आणि १६ लावलेला अजून धावत असेल. म्हणजे भाचा शेवटच्या दोन-तीन अंशांपुरता थोडासा बरोबर आहे. हे मी त्याला सांगितलं नाही, इथे लिहितो आहे.

मोजायचं, हवं त्याच्याशी ताडून पाहायचं, फरक निघेल त्यानुसार हालचाल करायची आणि पुन्हा मोजायचं, या चक्राला फीडबॅक कंट्रोल म्हणतात. मराठीत त्याला 'प्रत्याभरण' असा भारदस्त शब्द आहे, पण मी कारखान्यात तो कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. हवं ते आणि आहे ते यांतला फरक म्हणजे 'एरर', आपण तिला चूक म्हणू. या चुकीचं करायचं काय, याचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं उत्तर म्हणजे पीआयडी कंट्रोलर. साखर कारखान्याच्या बॉयलरपासून ड्रोनपर्यंत तो सगळीकडे भेटतो. पी, आय आणि डी हे त्याचे तीन भाग. त्यातल्या पी आणि डी बद्दल मी थोडक्यात सांगणार आहे. माझा जीव आय वर आहे.

आधी पी, म्हणजे प्रपोर्शनल. चूक जितकी मोठी, तितका उपाय मोठा. ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटतं की आणखी काही लागेल असं वाटतच नाही. आता एक छोटी विजेची भट्टी घ्या. बाहेर ३० अंश आहेत आणि आत ६० हवे आहेत. बाहेरपेक्षा आतलं तापमान जेवढे अंश जास्त, तेवढे दहा-दहा वॅट तिच्या भिंतींतून गळतात असं धरू. म्हणजे ६० वर टिकून राहायला ३० गुणिले १०, ३०० वॅट सतत द्यावे लागतील. आपल्या कंट्रोलरचा नियम असा, की चुकीच्या प्रत्येक अंशामागे ५० वॅट द्यायचे.

भट्टी तापत जाईल आणि ५५ अंशांवर येऊन थांबेल. ताळा करून बघा. चूक ५ अंश, म्हणून मिळणारी वीज २५० वॅट. बाहेरच्यापेक्षा तापमान २५ अंशांनी जास्त, म्हणून गळणारी उष्णताही २५० वॅट. जमा तेवढाच खर्च. भट्टी तिथेच समाधानाने बसून राहील, संध्याकाळपर्यंत वाट पाहिली तरी ५६ होणार नाहीत. यात काहीही बिघडलेलं नाही. नियमच असा आहे की चूक शून्य झाली तर वीजही शून्य होईल, आणि वीज शून्य झाली तर भट्टी ६० वर राहणार कशी? पी ला काम करायला थोडी चूक शिल्लक लागतेच. या उरलेल्या चुकीला 'ऑफसेट' म्हणतात.

मग ५० ऐवजी अंशामागे २९० वॅट देऊ? तरी ५९ वरच थांबेल. आकडा वाढवत नेला तर ऑफसेट लहान होईल, पण शून्य होणार नाही आणि मध्येच कधीतरी भट्टी वर-खाली झुलायला लागेल. शिवाय थंडीत बाहेर २० अंश झाले की पहिल्या नियमाची भट्टी ५५ वरून ५३ च्या जवळ घसरेल. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर बसवलेल्या गोळ्यांच्या गव्हर्नरचंही, म्हणजे वेग आपोआप सांभाळणाऱ्या यंत्राचंही, हेच दुखणं होतं. भार वाढला की इंजिन मंदावतं, फिरणारे गोळे खाली येतात, वाफेची झडप जास्त उघडते. पण झडप जास्त उघडी राहायची तर गोळे खाली राहायला हवेत, म्हणजे वेग थोडा कमीच राहायला हवा.

पूर्वी कारखान्यात यावर माणूस ठेवलेला असायचा. काटा ५५ वर अडकलेला दिसला की तो एक खुंटी थोडी फिरवायचा आणि ठरावीक वीज 'वरून' द्यायचा. त्याला रिसेट करणं म्हणत. हेच काम यंत्राकडे आलं तेव्हा त्याचं नाव पडलं ऑटोमॅटिक रिसेट. तोच आपला आय, म्हणजे इंटिग्रल.

किराणा दुकानदाराची उधारीची वही डोळ्यांसमोर आणा. पी ला फक्त समोर उभं असलेलं गिऱ्हाईक दिसतं. आय वही ठेवतो. या मिनिटाला ५ अंश कमी, लिहा ५. पुढच्या मिनिटालाही ५, आता बाकी १०. पुन्हा ५, बाकी १५. जितकी बाकी, तितकी वीज पी च्या विजेत मिळवायची. ५५ वर भट्टी 'समाधानाने' बसूच शकत नाही, कारण चूक स्थिर असली तरी बाकी वाढत राहते, वीज वाढत राहते आणि तापमान सरकत राहतं. हे कधी थांबेल? वहीत नवी नोंद होणं थांबेल तेव्हा, म्हणजे चूक शून्य होईल तेव्हाच. त्या क्षणी पी चा वाटा शून्य असतो आणि वहीतली जुनी बाकी ३०० वॅट पुरवत असते. बाहेर ३० आहेत की २०, भिंती जाड आहेत की पातळ, हे कंट्रोलरला कुणीही सांगितलेलं नाही. ३०० चा आकडा त्याने चुका लिहून लिहून शोधून काढला. मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती. आज ज्याच्या-त्याच्या खोक्यावर 'एआय' चिकटवलेलं असतं, तेव्हा एका बेरजेने केलेलं हे काम आठवतं.

हा फरक जेम्स क्लार्क मॅक्सवेलने ओळखला होता, तोच तो विद्युतचुंबकीय लहरींवाला. १८६८ मध्ये त्याने गव्हर्नरांवर निबंध लिहिला. ज्या यंत्रात ऑफसेट उरतो त्याला तो मॉडरेटर म्हणाला. वेग नेमका परत आणणाऱ्यालाच त्याने गव्हर्नर हे नाव दिलं. त्याच निबंधात तो हेलकाव्यांच्या गणितातही शिरला. यंत्राचं विकल समीकरण, म्हणजे बदलाच्या वेगाचं समीकरण मांडायचं, त्यावरून मिळणाऱ्या बीजगणिती समीकरणाची मुळं काढायची, प्रत्येक मुळाचा वास्तव भाग ऋण निघाला तर हेलकावे विरतील, एखाद्याचाही धन निघाला तर वाढत जातील.

हे गणित आय ला जास्त लागू पडतं, कारण वहीला एक खोड आहे. ती मागचं विसरायला वेळ लावते. चूक एखाद्या साइन लाटेसारखी हलत असेल तर तिची बेरीज पाव फेरी, म्हणजे ९० अंश मागून येते. भट्टीचं लोखंड तापायला वेळ घेतं, ती दिरंगाई वेगळी. दोन्ही मिळून १८० अंश झाले, की 'वीज कमी कर' हा हुकूम पोचतो तो नेमका तापमान लक्ष्याच्या खाली गेलेलं असताना. मग सुधारणाच हेलकाव्याला धक्का देते. (हा परिच्छेद निसटला असेल तर काळजी नको, पुढचं समजेल.)

ही खोड मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष पाहिली. एका छोट्या कारखान्यात पावडर कोटिंगची, म्हणजे पत्र्यावर रंगाची पूड भाजून चिकटवण्याची भट्टी होती, १८० अंशांवर लावलेली. एकदा हीटरचा ब्रेकर ट्रिप झाला आणि जेवणाच्या सुट्टीत कुणाच्या लक्षात आलं नाही. हीटर बंद, पण कंट्रोलर जागा. तो इमानेइतबारे वहीत लिहीत बसला, १० कमी, ३० कमी, ६० कमी. तासाभराने ब्रेकर वर केला. तापमान १८० ला पोचलं तरी वहीत एवढी बाकी होती की हीटर पूर्ण जोरात चालूच. लक्ष्य ओलांडून उलट्या नोंदी झाल्याशिवाय ती बाकी फिटणार नव्हती. काटा २२० च्या पुढे गेला आणि आतले पांढरे पत्रे पिवळसर होऊन बाहेर आले. याला इंटिग्रल वाइंडअप म्हणतात. उपाय सोपा आहे, हीटर आधीच शंभर टक्क्यांवर असेल तर वही मिटून ठेवायची. त्या जुन्या कंट्रोलरमध्ये ती सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी पॅनेलला लिंबू-मिरची बांधलेली दिसली. मी काही बोललो नाही, पण लिंबाचा रस टर्मिनलवर ठिबकला असता तर खरंच नजर लागली असती.

डी, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, चूक किती वेगाने बदलते आहे ते बघतो. लक्ष्याकडे फार जोरात धावत असाल तर आधीच ब्रेक लावतो. लाटेच्या भाषेत तो पाव फेरी पुढे असतो, म्हणून आय ची दिरंगाई थोडी भरून काढतो. निकोलस मायनॉर्स्की या रशियातून अमेरिकेत गेलेल्या गणितज्ञ-अभियंत्याने जहाजावरचे सुकाणूवाले पाहिले. ते फक्त दिशा किती चुकली ते बघत नाहीत, नाक किती वेगाने वळतंय तेही बघतात. त्यावरून त्याने १९२२ मध्ये या तिन्ही भागांचं गणित मांडलं. यूएसएस न्यू मेक्सिको या युद्धनौकेवर चाचण्या झाल्या तेव्हा डी शिवाय जहाज दोन्ही बाजूंना २ अंशांपर्यंत भरकटत होतं, डी घातल्यावर एक षष्ठांश अंशावर आलं. तरी खलाशांना ते यंत्र नको होतं, म्हणून नौदलाने ते घेतलं नाही. भट्टीवर मात्र डी ला फार भाव नाही. तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलच्या वायरवर जरा विजेचा खडखडाट आला की डी दचकतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी तो शून्यावरच ठेवलेला सापडतो.

राहिला प्रश्न, तिघांचे आकडे किती ठेवायचे? १९४२ मध्ये झीग्लर आणि निकोल्स यांनी एक धीट पद्धत सांगितली. आय आणि डी बंद करा, पी वाढवत न्या, यंत्र एकसारखं झुलू लागलं की तो पी आणि एका झोक्याचा वेळ टिपून घ्या. त्या पी च्या ०.६ पट खरा पी ठेवा, आय आणि डी चे आकडे वेळेत मोजतात, त्यांतला आय चा झोक्याच्या निम्मा, डी चा एक अष्टमांश. चालत्या कारखान्यात यंत्र असं मुद्दाम काठावर नेऊ देणारा मॅनेजर मला भेटलेला नाही. १९८४ मध्ये ऑस्ट्रॉम आणि हेग्लुंड या स्वीडिश जोडीने ही भीती घालवली. त्यांनी पीआयडी थोडा वेळ बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी साधं चालू-बंद बसवलं, आपल्या जुन्या एसीसारखं. तापमान आपोआप बेताने झुलतं, दोन-तीन झोके मोजले की आकडे तयार. आजच्या टेंपरेचर कंट्रोलरवरचं ऑटोट्यून बहुतेक असंच काहीतरी करतं.

पिवळ्या पत्र्यांनंतर त्या भट्टीला नवा कंट्रोलर बसवला आणि मी ऑटोट्यून लावून चहाला गेलो. परत आलो तर ते बंद केलेलं. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, टेंपरेचर खालवर नाचायला लागलं होतं, मी वेळेवर थांबवलं."