पट्टीत तीनच कॉर्ड? नाही, सात

पंचवटीत गणपतीआधीच्या तालमींना नव्यानं गिटार धरलेल्या पोरांना एक गोष्ट हमखास सांगितली जाते: पट्टी (एखादा सूर सा धरून बनलेले सात सूर) कुठलीही असो, तिचे कॉर्ड (एकत्र वाजवलेले तीन सूर) तीनच, सा, म आणि प वरचे. बाकीचे ‘बाहेरचे’. हे चूक आहे, आणि त्यामुळे मुलांचा कान तिथंच अडकतो याचं मला फार वाईट वाटतं.

पांढरी एकची, म्हणजे पेटीवरची पहिली पांढरी (सी) सा धरून, मेजर पट्टी घ्या: सी, डी, ई, एफ, जी, ए, बी. कुठल्याही सुरापासून एक सोडून एक असे तीन सूर एकत्र वाजवा. सी-ई-जी मध्ये आधी चार अर्धस्वरांचं अंतर (पेटीवर काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या सुरापर्यंत एक अर्धस्वर), मग तीन, हा मेजर. डी-एफ-ए मध्ये आधी तीन, मग चार, हा मायनर. हे सुरांमधल्या अंतरातूनच येतं. म्हणून सी, एफ, जी मेजर. डी, ई, ए मायनर. बी-डी-एफ मध्ये तीन-तीन, तो डिमिनिश्ड.

समज टिकला त्यालाही कारण आहे. सी, एफ आणि जी कॉर्डमध्ये मिळून सातही सूर येतात, त्यामुळे साधी चाल त्यांच्यावर निभावते. पण चाल ध वर (इथं ए) विसावली की एफऐवजी ए मायनर लावून ऐका. ओळीचा रंगच बदलतो!

काळी एकलाही (पेटीवरची पहिली काळी, सी शार्प) क्रम हाच: काळी एक मेजर, काळी दोन मायनर, पांढरी चार मायनर, काळी तीन आणि काळी चार मेजर, काळी पाच मायनर, पांढरी एक डिमिनिश्ड.