पियानोच्या जुन्या रेकॉर्डी, त्यांची खरखर आणि टेडी वेदरफर्ड

आमच्या दुकानातून जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डी डिजिटल फाइलींमध्ये उतरवून नेलेले ग्राहक काही दिवसांनी परत येतात आणि एकच तक्रार सांगतात: "पियानो बसका वाजतोय, पाण्याखालून आल्यासारखा." फाइल लावून पाहिली की कारण लगेच कळतं. घरी कुणीतरी मोबाइलमधल्या ॲपने खरखर काढून टाकलेली असते आणि ती साफ केलेली फाइल मूळ फाइलच्या जागीच सेव्ह झालेली असते. मग रेकॉर्ड पुन्हा दुकानात आणा, पुन्हा पुसा, पुन्हा पहिल्यापासून वाजवून उतरवा. रेकॉर्ड उतरवायला तिच्या वाजण्याइतका वेळ लागतोच, तिथे घाई चालत नाही. तुमची खेप वाया जाते आणि ज्यांचा नंबर नंतरचा आहे त्यांचं काम लांबतं.

गाण्याच्या रेकॉर्डींवर असा प्रयोग केला तर ते बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. पियानोला मात्र ते सोसत नाही. जॅझ पियानोवादक टेडी वेदरफर्डच्या रेकॉर्डी आम्ही हौसेने जमवतो आणि आग्रहाने ऐकवतो, आणि परत येणाऱ्या फाइलींमध्ये त्याच्याच सगळ्यात जास्त असतात. म्हणून हे पत्रक.

हा वेदरफर्ड कोण

जॅझ ऐकणाऱ्यांनाही हे नाव फारसं माहीत नसतं. त्याचा जन्म १९०३ चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातला. तरुणपणी तो शिकागोला आला. तिथे व्हेंडोम नावाचं मूकपटांचं थिएटर होतं आणि पडद्यासमोर अर्स्किन टेटचा ऑर्केस्ट्रा वाजायचा. वेदरफर्ड त्यात पियानोवर होता. या ऑर्केस्ट्राने २८ मे १९२६ रोजी 'स्टॅटिक स्ट्रट' आणि 'स्टॉम्प ऑफ, लेट्स गो' या दोन बाजू रेकॉर्ड केल्या. त्यात प्रसिद्ध ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगही होता. लोक त्या आर्मस्ट्राँगसाठी ऐकतात. आमची विनंती आहे की एकदा पियानोसाठी ऐका.

त्याच वर्षी वेदरफर्ड जॅक कार्टरच्या बँडबरोबर बोटीने आशियाकडे निघाला. शांघायला त्याने बरीच वर्षं काढली. १९३६ मध्ये तो मुंबईला ताजमहाल हॉटेलात क्रिकेट स्मिथच्या बँडमध्ये वाजवत होता. पुढच्या वर्षी पॅरिसला जाऊन त्याने 'स्विंग' या नव्याने निघालेल्या रेकॉर्ड कंपनीसाठी एकट्याने पियानो वाजवला. महायुद्धाच्या काळात कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात त्याचा स्वतःचा बँड होता. तिथेच एप्रिल १९४५ मध्ये कॉलऱ्याने तो गेला. वय ४१.

तिकडे अमेरिकेत १९२८ मध्ये आर्मस्ट्राँगबरोबर पियानोवादक अर्ल हाइन्सच्या रेकॉर्डी निघाल्या आणि जॅझ पियानोच्या इतिहासात हाइन्सचं नाव कायमचं लिहिलं गेलं. ते योग्यच झालं. पण त्याआधीच्या शिकागोत वेदरफर्डचं नाव हाइन्सच्या बरोबरीने घेतलं जायचं. तो मागे पडला याचं कारण आम्हाला एवढंच दिसतं की ज्या वर्षांत शिकागो-न्यूयॉर्कच्या कंपन्या धडाधड रेकॉर्डी काढत होत्या, त्या वर्षांत तो तिथे नव्हताच.

त्याच कारणाने त्याच्या रेकॉर्डी आपल्याकडे सापडू शकतात. युद्धकाळात कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने कलकत्त्यात त्याच्या बँडच्या रेकॉर्डी काढल्या. आपल्या इंदूरच्या शेजारी महूची लष्करी छावणी. तिथल्या बंगल्यांतून आणि इंदूरच्या जुन्या वाड्यांतून इंग्रजी नाचाच्या रेकॉर्डींचे गठ्ठे अजून निघतात. नातवंडांना त्यात रस नसतो आणि गठ्ठा रद्दीच्या भावाने जातो. विकण्याआधी एकदा आम्हाला दाखवा. लेबलं वाचून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही.

खरखर का ठेवतो

आमच्याकडे सर्वांत जास्त येतात त्या उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या एलपी. खाँसाहेब इंदूर घराण्याचे आणि आपलं दुकान इंदूरचं, तेव्हा ते साहजिकच आहे. एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी नंतरच्या काळातली रेकॉर्ड, व्हिनाइल या प्लॅस्टिकची असते, तिची पार्श्वभूमी शांत असते. तीच शांतता ग्राहक ७८ च्या, म्हणजे मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डकडून मागतात. पण ७८ ची रेकॉर्ड लाखेची आहे, आणि लाखेत दगडाची बारीक पूड मुद्दाम मिसळलेली असायची, म्हणजे पोलादी सुई थोडी घासली जाऊन खाचेत नीट बसेल. ती पूडच तुम्हाला सतत सुस्स अशी ऐकू येते. रेकॉर्ड नवीकोरी असतानाही हा आवाज होताच. त्याला रेकॉर्डचा दोष मानू नका.

आता ॲप काय करतं ते पाहा. रेकॉर्डच्या सुरुवातीला संगीताआधीची खाच असते, तिथली नुसती सुस्स ॲप नमुना म्हणून घेतं आणि तसा आवाज सगळीकडून वजा करत जातं. गायकाचा आवाज भरलेला आणि टिकून राहणारा असतो, त्यामुळे वजाबाकी झाली तरी गाणं उभं राहतं. पियानोचं तसं नाही. फेल्ट लावलेली हातोडी तारेवर आदळते, त्या क्षणी एक छोटासा टणत्कार होतो आणि मग सूर लगेच विरायला लागतो. पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर राहतो. पियानोचा सूर जन्मल्याबरोबर मावळायला लागतो आणि शेवटी शेवटी त्या सुस्समध्येच मिसळून जातो. ॲपला तिथे सूर कुठे संपला आणि खरखर कुठे सुरू झाली हे कळत नाही. ते दोन्ही कापतं. सुरुवातीचा टणत्कार तर त्याला ओरखड्यासारखाच दिसतो, म्हणून तोही बोथट होतो. पुढचं टोक गेलं, मागची शेपटी गेली, मध्ये उरला तो पाण्याखालचा पियानो.

वेदरफर्डचं तर सगळं वाजवणंच या टणत्कारावर उभं आहे. उजव्या हाताने तो एकच सूर दोन सप्तकांत एकदम वाजवतो, जोरात. बँडच्या गलक्यात पियानो ऐकू जावा म्हणून शिकागोच्या वादकांनी ही रीत धरली होती, आणि हाइन्स तिच्यासाठीच प्रसिद्ध झाला. त्या दुहेरी सुरांची धार गेली की उरतं ते नुसतं हॉटेलातलं पार्श्वसंगीत, आणि मग ऐकणारा म्हणतो, "यात एवढं काय आहे?" असं कुणी म्हणालं की आम्हाला वाईट वाटतं, कारण त्याने वेदरफर्ड ऐकलेलाच नसतो.

आमची पद्धत सांगतो. आधी रेकॉर्ड धुतो. मग तिच्या खाचेला साजेशी सुई लावतो. एलपीच्या सुईचं टोक ७८ च्या सुईच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढं असतं. ती सुई ७८ वर लावली तर खाचेच्या तळाशी फिरते आणि तळाची घाणच वाजवते. घरच्या प्लेयरवर "फार खरखर आहे" म्हणून आलेल्या पुष्कळ रेकॉर्डी नुसती सुई बदलल्यावर सुधारतात. नंतर वेग. गायकाचा सूर वर-खाली झाला तर कान माफ करतो, पियानोचे सूर बांधलेले असल्यामुळे वेग जरा हलला की पियानो डोलायला लागतो. भोक मधोमध नसलेली रेकॉर्ड म्हणूनच पियानोत लगेच पकडली जाते. वेग तपासायला ७७ रेघांची चकती येते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर जुन्या पद्धतीच्या बल्बखाली त्या रेघा स्थिर दिसल्या की वेग मिनिटाला ७७.९२ फेरे, म्हणजे बरोबर. एलईडीच्या बऱ्याच दिव्यांखाली ही खूण मिळत नाही, एवढं लक्षात ठेवा.

शेवटी मोठे ओरखडे आम्ही एकेक करून, कानाने ऐकून, हाताने काढतो. सुस्सला हात लावत नाही. यंत्राने सरसकट सफाई करणाऱ्यांपेक्षा आमचा दर जास्त आहे तो याच बैठकीचा. तरी ज्यांना फरक स्वतः पाहायचा आहे त्यांनी दुकानात यावं. एकच बाजू दोन्ही प्रकारांनी केलेली आमच्याकडे ठेवलेली आहे, चांगल्या हेडफोनवर लावून देऊ. एका मिनिटात कान सुस्स विसरतो आणि पियानो पुढे येतो.

प्रत्येक कामात आम्ही दोन फाइली देतो. एकीच्या नावात 'मूळ' असतं, दुसरीच्या 'ऐकायची'. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि तिच्यावर काहीही प्रयोग करू नका. जो प्रयोग करायचा तो 'ऐकायची'ची प्रत काढून, वेगळ्या नावाने. एवढं पाळलं तर या पत्रकाचं निम्मं काम झालं.

कसा ऐकावा

सुरुवात १९३७ च्या पॅरिसच्या एकल रेकॉर्डींनी करा. तिथे बँड नाही, गायक नाही, मध्ये कुणी येत नाही. 'टी फॉर टू' घ्या. चाल व्हिन्सेंट यूमन्सची. चार मात्रांचा एक खंड धरला तर असे ३२ खंड झाले की एक फेरी पूर्ण होते. आवर्तन मोजायची सवय असलेल्या आपल्या कानाला हे अवघड नाही. पहिल्या फेरीत चाल ओळखीची ठेवली जाते, पुढच्या फेऱ्यांत तिच्यावर बांधकाम होतं. संपूर्ण बाजू साधारण तीन मिनिटांची, कारण दहा इंची रेकॉर्डवर तेवढंच मावायचं. टेप नव्हती, तोडजोड नव्हती. वाजलं ते थेट मेणाच्या चकतीवर कोरलं गेलं.

पहिल्यांदा फक्त डावा हात ऐका. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खालचा खर्ज, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मधल्या सप्तकात तीन-चार सुरांचा गुच्छ. याला स्ट्राइड म्हणतात. हात सतत उडी मारत असतो आणि तरी लय हलत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर हा खर्ज ऐकूच येत नाही, निम्मा वादक तिथेच नाहीसा होतो. साधे हेडफोन चालतील, पण हेडफोन लावा. दुसऱ्यांदा उजवा हात. तिसऱ्यांदा दोन्ही हात एकमेकांशी काय करतात ते, विशेषतः डाव्या हाताने नेहमीची चाल मोडल्यावर उजवा लय कशी सांभाळतो ते.

मग १९२६ च्या दोन बाजू. तिथे पियानो बँडच्या गर्दीतून वाट काढतो आणि एकट्याच्या जागेत बाहेर येतो. तेव्हा तो २२ वर्षांचा होता.

कलकत्त्याच्या रेकॉर्डी शेवटी ऐका. लेबलावर मोठ्या अक्षरांत टेडी वेदरफर्ड असतो, पण आत नाचाची गाणी, गायक आणि बँड असतो. "यात पियानो कुठे आहे?" असं विचारत ग्राहक येतात. पियानो आहे, पण गायनाच्या मागे आणि मधल्या थोड्याच खंडांत. त्या रेकॉर्डी हॉटेलात नाचणाऱ्यांसाठी होत्या. पॅरिसच्या बाजू ऐकून त्याची बोटं ओळखीची झाली असतील तर गायकाच्या मागे चाललेलं त्याचं काम आपोआप सापडेल. उलट क्रमाने ऐकणारे बहुधा कलकत्त्याशीच थांबतात.

रेकॉर्ड आणताना

लाखेची रेकॉर्ड स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने कधीही पुसू नका. स्पिरिटमध्ये लाख विरघळते, खाच जाते आणि मग कोणीच काही करू शकत नाही. घरी पुसायचीच असेल तर मऊ कोरड्या ब्रशने, खाचेच्या दिशेने. रेकॉर्डी आडव्या थप्पीत ठेवू नका, उभ्या ठेवा. आणताना प्रत्येकीमध्ये जाड पुठ्ठा घाला. तडा गेलेल्या रेकॉर्डवर चिकटपट्टी लावू नका, दोन्ही तुकडे तसेच कागदात गुंडाळून आणा. पुष्कळदा त्या वाजवता येतात.

ज्यांच्याकडे प्लेयर आहे त्यांच्यासाठी ७८ च्या सुया आमच्याकडे मिळतात. येताना प्लेयरचा मॉडेल नंबर किंवा जुनी सुई बरोबर आणा, अंदाजाने दिलेली सुई बसत नाही. नव्याने घेणाऱ्यांना आम्ही ७८ चा वेग असलेलाच प्लेयर सुचवतो. आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच प्लेयरना तो वेग नसतो, पैसे भरण्याआधी बघून घ्या.

वेदरफर्डच्या बाजू ऐकायच्या असतील तर आधी फोन करून संध्याकाळची वेळ ठरवा. दिवसा दुकानात रेकॉर्डी उतरवण्याचं काम चालू असतं, त्यामुळे तेव्हा ऐकवता येत नाही.