आधी घरपट्टीचं बिल वेल्शमध्ये द्या, मग पैसे

वेल्समध्ये आज रस्त्यावरची पाटी बघा नाहीतर सरकारी कागद घ्या, दोन भाषा असतातच, आणि बऱ्याच ठिकाणी वेल्श वर, इंग्रजी खाली. बाहेरच्याला वाटतं सरकारने मोठ्या मनाने दिलं असेल. छे, एकेक गोष्ट भांडून घेतलीय, आणि भांडणारे बघितले तर कोणी प्राध्यापक, कोणी राजकारणी, आणि माझ्या मते सगळ्यात भारी म्हणजे एक खाणकामगार आणि त्याची मास्तरीण बायको.

मूळ दुखणं १५३६ चं. आठव्या हेन्रीने कायदा करून वेल्स इंग्लंडला जोडून टाकला आणि कोर्टकचेरीचा कारभार फक्त इंग्रजीत. गंमत म्हणजे हा ट्यूडर घराण्यातला, मुळं वेल्श, बापाचा जन्म पेम्ब्रोकच्या किल्ल्यातला. मग त्याचीच मुलगी एलिझाबेथ गादीवर असताना १५६३ मध्ये कायदा झाला की बायबल वेल्शमध्ये आणा, आता हे काही भाषेवरच्या प्रेमापोटी नव्हतं, लोक प्रोटेस्टंट व्हावेत म्हणून होतं. पूर्ण बायबल विल्यम मॉर्गन या पाद्रीने १५८८ मध्ये आणलं, तो बिशप नंतर झाला. कोर्टातून हाकललेली भाषा अशी चर्चमध्ये टिकली आणि तिथेच तिला लिहायचं एक प्रमाण वळणही मिळालं.

१८४६ मध्ये शाळांची पाहणी करायला तीन इंग्रज कमिशनर आले, तिघांनाही वेल्श येत नव्हती, आणि १८४७ च्या रिपोर्टमध्ये लिहिलं काय तर लोकांच्या अज्ञानाला आणि ढिल्या नीतिमत्तेला ही भाषाही कारणीभूत आहे. रिपोर्टची पुस्तकं निळ्या कव्हरची होती, म्हणून वेल्श लोक त्याला अजून निळ्या पुस्तकांचा विश्वासघात म्हणतात.

आता मुख्य गोष्ट, त्या खाणकामगाराची आणि मास्तरणीची. आयलीन आणि ट्रेवर बीझली, लग्न १९५१ चं, दक्षिण वेल्समधल्या लानेलीजवळ लान्गेनेख गावात नवीन संसार. १९५२ मध्ये घरपट्टीचं बिल आलं ते इंग्रजीत. आजूबाजूला बहुतेक सगळे वेल्श बोलणारे, कौन्सिलमध्ये बसलेलेही बरेचसे वेल्शच बोलणारे, मग बिल इंग्रजीत का? यांनी कळवलं की वेल्शमध्ये बिल द्या, लगेच भरतो. कौन्सिल म्हणाली नाही. मग कोर्टाचं समन्स, ते भरत नाहीत, पुन्हा समन्स, असं डझनाहून जास्त वेळा कोर्टात उभं राहावं लागलं, आणि मधूनमधून जप्तीवाले येऊन घरातलं सामान उचलून न्यायचे, पियानोसुद्धा गेला, आणि हे सगळं दोन लहान लेकरं घरात असताना. पैशाचा प्रश्नच नव्हता, बिल भरून टाकलं असतं तर पियानो वाचला असता. ८ वर्षं हे चाललं आणि शेवटी १९६० मध्ये कौन्सिलने दोन भाषांतलं बिल पाठवलं. ना मोर्चा ना भाषणं, फक्त हट्ट.

हा हट्ट वाया गेला असता, पण सॉन्डर्स लुईसच्या नजरेत भरला. हा माणूस म्हणजे वेगळंच प्रकरण. जन्म इंग्लंडमधला, नाटककार, प्राध्यापक, १९२५ मध्ये प्लाइड कम्री हा वेल्श राष्ट्रवादी पक्ष काढणाऱ्यांपैकी एक, आणि १९३६ मध्ये पेनिबर्थला हवाई दलाच्या बॉम्बिंग स्कूलच्या जागेवर दोन साथीदारांबरोबर आग लावून स्वतःच पोलिसांकडे गेलेला. कॅनारवनच्या ज्युरीचं एकमत होईना म्हणून खटला लंडनला हलवला, तिथे ९ महिन्यांची शिक्षा झाली, नोकरीही गेली. त्याने १९६२ च्या फेब्रुवारीत बीबीसी रेडिओवर भाषण दिलं की असंच चाललं तर एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेल्श संपेल, आणि उपाय म्हणून बीझली जोडप्याचं उदाहरण दिलं, एकट्यादुकट्याने नाही तर जिथे वेल्श बोलणारे जास्त तिथे सगळ्यांनी ठरवून असं करा. त्याच वर्षी भाषेसाठीची संघटना उभी राहिली, १९६३ च्या फेब्रुवारीत तिची पोरं अ‍ॅबरिस्टविथच्या पुलावर रस्ता अडवून बसली, कारण हेच, समन्स वेल्शमध्ये मिळत नाही.

लोक तसेही तापलेले होतेच. लिव्हरपूलला पाणी हवं म्हणून ट्रिवेरिनच्या खोऱ्यातलं कापेल केलिन हे वेल्श बोलणारं अख्खं गाव १९६५ मध्ये धरणाखाली गेलं, पार्लमेंटमध्ये वेल्सच्या जवळपास सगळ्या खासदारांनी साथ दिली नव्हती तरी.

पुढचं मोठं नाव ग्विन्वॉर एव्हान्स, १९६६ ला पोटनिवडणूक जिंकून प्लाइड कम्रीचा पहिला खासदार. थॅचर सरकारने वेल्श टीव्ही चॅनलचं आश्वासन फिरवलं तेव्हा १९८० मध्ये याने जाहीर केलं की ६ ऑक्टोबरपासून आमरण उपोषण, आणि तो बोलला तसं करेल यावर कोणाला शंका नव्हती. सप्टेंबरमध्येच सरकारने माघार घेतली, थॅचरबाईंनी माघार घेतल्याच्या ज्या मोजक्या गोष्टी आहेत त्यातली ही एक. १ नोव्हेंबर १९८२ ला एस फोर सी चॅनल सुरू झालं.

भाषेचे कायदेही एकेक करून येत गेले, १९६७, १९९३, आणि २०११ मध्ये वेल्सपुरता अधिकृत दर्जा. आयलीनबाई २०१२ मध्ये गेल्या, म्हणजे दर्जा मिळालेला त्यांनी पाहिला. बोलणाऱ्यांचा आकडा मात्र वेगळंच सांगतो. १९०१ ला साधारण निम्मा वेल्स वेल्श बोलायचा, २०२१ च्या जनगणनेत १७.८ टक्के, म्हणजे जेमतेम ५ लाख ३८ हजार. सरकारचं टार्गेट २०५० पर्यंत १० लाख आहे, आणि त्यासाठी सगळी भिस्त शाळांवर ठेवलीय, पण शाळेत शिकलेली पोरं घरी आणि बाजारात ती बोलतात की नाही यावर तिथेही वाद चालूच आहे.