बाविशीतलं एक पान

नन होण्याची शपथ घेण्याआधी आपली जीवनकहाणी एका पानावर लिहून द्यायची, अशी पद्धत अमेरिकेतल्या ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या संघात १९३०च्या सुमारास होती. लिहिणाऱ्या मुली सरासरी २२ वर्षांच्या. पानं दप्तरी लागली आणि जवळपास साठ वर्षं तशीच पडून राहिली.

१९८६ साली डेव्हिड स्नोडन हे साथरोगतज्ज्ञ मिनेसोटातल्या मँकॅटोच्या मठात पोचले. म्हातारपण अभ्यासायला याहून सोयीची जागा नाही: जेवणखाण सारखं, औषधपाणी सारखं, सिगारेट नाही, बाळंतपणं नाहीत. पुढे वेगवेगळ्या मठांतल्या ६७८ जणी अभ्यासात आल्या, सगळ्या पंचाहत्तरी गाठलेल्या. ठरावीक काळाने स्मरणाच्या चाचण्या आणि मृत्यूनंतर मेंदूदान, दोन्हींना त्यांनी होकार दिला. (देहदानाचा विषय काढला की आपल्या घरांत काय होतं ते आठवा.)

मग ती पानं बाहेर निघाली. भाषातज्ज्ञ सुझन केंपर यांनी ९३ जणींच्या लिखाणातली शेवटची दहा-दहा वाक्यं घेऊन दर दहा शब्दांत किती मुद्दे आलेत ते मोजलं. म्हणजे कसं? ‘आम्ही सहा भावंडं. मी धाकटी. मी शाळेत जात असे.’ हे झालं विरळ लिखाण. ‘सहांत धाकटी म्हणून पाटी फुटकीच मिळायची, तरी शाळेची ओढ सुटली नाही’ हे दाट. उदाहरणं माझी, पण फरक हाच.

१९९६ साली निष्कर्ष छापून आला. तोवर वारलेल्या १४ जणींचे मेंदू तपासले होते. ज्यांचं लिखाण विरळ, त्या सगळ्यांच्या मेंदूत अल्झायमर निघाला. दाट लिहिणाऱ्यांपैकी एकीच्याही नाही. चौदा हा आकडा लहान आहे, हे विसरू नये. शिवाय विरळ भाषा हे कारण की साठ वर्षं आधी उमटलेली रोगाचीच खूण, हे त्या पानांवरून ठरत नाही. मला स्वतःला दुसरी शक्यता जास्त अस्वस्थ करते.

आणि सगळा हिशेब चुकवणाऱ्या सिस्टर मेरी. त्या १०१व्या वर्षी गेल्या, तोवर चाचण्यांत चांगले गुण मिळवत होत्या. मेंदू उघडला तर आत अमायलॉइड या प्रथिनाचे थर आणि टाऊ या दुसऱ्या प्रथिनाच्या गाठी, अल्झायमरमध्ये सापडतात तशा, भरपूर. रोगाची सगळी सामग्री हजर, पण विसर नाही. उलट दुसऱ्या काही जणींच्या मेंदूत रोगाच्या खुणांच्या जोडीला रक्तपुरवठा तुटल्याने झालेल्या बारीक जखमा होत्या; त्यांची स्मृती जास्त खालावलेली होती. रक्तदाब सांभाळा म्हणतात त्याचं हेही एक कारण.

आता रक्तातल्या ‘पी-टाऊ २१७’ (टाऊचंच एक रूप) आणि अमायलॉइडच्या प्रमाणावरून अंदाज बांधणाऱ्या एका चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२५मध्ये परवानगी दिली आहे. पण ती ५५ वर्षांवरच्या, लक्षणं दिसू लागलेल्या रुग्णांसाठी. मेंदूत अमायलॉइड साचलाय का, एवढंच ती सुचवते. सिस्टर मेरींच्या मेंदूतही तो होताच.