सरनोबत

मराठेशाहीतील सेनाधिकाऱ्याचे पदनाम. शिवकाळात घोडदळ आणि पायदळ यांचे सरनोबत वेगवेगळे असत; शिवाय प्रत्येक गडावर हवालदार (गडाचा मुख्य अंमलदार) व सबनीस (हजेरी-हिशेब ठेवणारा अधिकारी) यांच्या जोडीला एक सरनोबत असे. त्यामुळे कागदात नुसते ‘सरनोबत’ आढळले म्हणजे तो सबंध लष्कराचा प्रमुखच होता, असे धरून चालत नाही.

‘सर’ म्हणजे प्रमुख, याविषयी दुमत नाही. ‘नौबत’ या फार्सी शब्दाला मात्र पाळी किंवा पहारा आणि ठरावीक वेळी झडणारा नगारा, असे दोन्ही अर्थ आहेत. नगाऱ्याच्या मानाशी या पदाचा संबंध जोडण्याचा मोह साहजिक आहे. तथापि बहमनी राजवटीत हे नाव सुलतानाच्या अंगरक्षक दलावरील अधिकाऱ्याला होते, हे लक्षात घेता पहाऱ्याचा अर्थ अधिक संभवनीय वाटतो. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पदनामांना संस्कृत रूपे देण्यात आली, तेव्हा अष्टप्रधानांत सरनोबताचा ‘सेनापती’ झाला. जुने नाव तरीही सुटले नाही, सु. १६९४ मध्ये बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद सरनोबत असेच लिहितो.

घोडदळातील उतरंडीचा तपशील मुख्यतः याच बखरीतून मिळतो. पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरील स्वारांवर) एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. या हिशेबाने हजारीकडे प्रत्यक्षात १,२५० आणि पंचहजारीकडे ६,२५० स्वार येतात, म्हणजे पदनामातील आकडा शब्दशः घ्यावयाचा नाही. जुमलेदारास ५००, हजारीस १,००० व पंचहजारीस २,००० होन (सोन्याचे नाणे) तनखा होता. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) आणि एक नालबंद (घोड्यांना नाल ठोकणारा) नेमलेला असे, यावरून ही मांडणी केवळ मानाची नसून चालत्या फौजेची होती हे दिसते.

ही उतरंड म्हणजे बढतीच्या पायऱ्याच होत्या, असे अनेकदा गृहीत धरले जाते. बखरीतील नेमणुकींवरून मात्र तसे दिसत नाही. १६६६ मध्ये पन्हाळ्यावरील हल्ल्याच्या प्रसंगी वेळेवर न पोहोचल्यामुळे घोडदळाचे सरनोबत नेताजी पालकर दूर झाले, तेव्हा ते पद राजगडचे सरनोबत कुडतोजी गुजर यांना ‘प्रतापराव’ या नव्या नावासह मिळाले. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ प्रतापराव पडल्यावर निवड झाली ती हंसाजी मोहिते यांची. सभासदाच्या म्हणण्याप्रमाणे ते पागेत (सरकारी घोडदळात) जुमल्यावर, म्हणजे जुमलेदार होते. शहाणा, मर्दाना आणि सबुरीचा धारकरी पाहून त्यांना ‘हंबीरराव’ हा किताब व सरनोबती देण्यात आली. मधल्या दोन पायऱ्यांचा येथे उल्लेखही नाही. ते शिवाजी महाराजांच्या राणी सोयराबाईंचे बंधू होते, ही गोष्टही दुर्लक्षिता येत नाही. पण बखरकार कारण देतो ते गुणांचेच. हंबीरराव १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत मारले गेले.

पायदळाच्या सरनोबतांपैकी येसाजी कंक हे नाव विशेष परिचित आहे.

राजारामकाळात संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनी सेनापतिपद गाजविले. शाहूंनी १७१७ मध्ये ते खंडेराव दाभाडे यांना दिले आणि पुढे ते त्याच घराण्यात राहिले. खंडेरावांचे पुत्र त्रिंबकराव १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत पहिल्या बाजीरावाविरुद्ध लढताना पडल्यावर पद त्यांचे बंधू यशवंतराव यांच्याकडे गेले. फौजेची खरी सूत्रे मात्र तोवर पेशव्यांच्या हाती आली होती.