पॅकेज मॅनेजरला डेटा दिसत नाही

सर्व्हरवर डेटाबेसची नवी आवृत्ती बसवायची वेळ आली की दोन वाटा असतात. लिनक्सच्या पॅकेज मॅनेजरला, म्हणजे तयार प्रोग्राम उतरवून बसवणाऱ्या साधनाला, एक कमांड द्यायची आणि बाकीचं त्याच्यावर सोपवायचं, नाहीतर सोर्स कोड उतरवून, स्वतः कंपाइल करून, सगळं हातानं बसवायचं. हातानं बसवणारा तो खरा जाणकार, असं बरेच जण मानतात. मला ते पटत नाही. नेमकं काय बदलतंय, यावर वाट ठरायला हवी.

पोस्टग्रेस या डेटाबेसचंच घ्या. १५.१ वरून १५.२ अशी छोटी सुधारणा असली की डिस्कवरच्या डेटाची मांडणी तीच राहते. प्रोग्राम बदलला, सर्व्हर पुन्हा सुरू केला, झालं. हे काम पॅकेज मॅनेजर आपल्यापेक्षा चोख करतो. तो पॅकेजची डिजिटल सही तपासतो, लागणाऱ्या लायब्ररी जुळवतो आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याच वाटेनं आणतो. हातानं बसवलेल्या डेटाबेसच्या दुरुस्त्यांवर आपल्यालाच डोळा ठेवावा लागतो, आणि तो किती दिवस टिकतो हे ज्याचं त्याला ठाऊक.

१५ वरून १६ वर जाताना मात्र गोष्ट वेगळी. डेटाच्या फोल्डरमध्ये एक चिमुकली फाइल असते, तिच्यात फक्त मोठ्या आवृत्तीचा आकडा. १६ चा सर्व्हर तो वाचतो आणि १५ दिसलं की सुरूच व्हायला नकार देतो, कारण आतल्या नोंदींची रचना बदललेली असते. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांनी यावर फार समंजस तोड काढली आहे. दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात: जुना सर्व्हर ५४३२ पोर्टवर, नवा रिकामा ५४३३ वर. डेटा कधी हलवायचा हे माणसानं ठरवायचं. त्यासाठीच्या ‘पीजी-अपग्रेड’मध्ये आधी नुसती तपासणी करायची सोय आहे, ती कधीही टाळू नये. फाइलींची नक्कल न करता दुवे जोडणारा झटपट पर्यायही आहे; पण तो वापरून नवा सर्व्हर एकदा सुरू केला, की जुन्यावर सुखरूप परतता येत नाही. मग बॅकअप हाच आधार.

पण मला सर्वात जास्त धास्ती वाटते ती डेटाबेसला हातही न लावता होणाऱ्या बदलाची. अक्षरांचा क्रम लावण्यासाठी पोस्टग्रेस सहसा ऑपरेटिंग सिस्टिमच्या जीलिबसी लायब्ररीवर विसंबतो. २०१८ साली आलेल्या तिच्या २.२८ आवृत्तीत हा क्रम बदलला. अमेरिकन इंग्रजीच्या सेटिंगमध्ये आधी ‘११’ पहिलं आणि ‘१-१’ नंतर यायचं. आता ‘१-१’ पहिलं येतं. एवढ्याशा फरकानं काय बिघडतं? इंडेक्स म्हणजे शब्दकोशासारखी क्रमानं लावलेली यादी. यादी जुन्या क्रमानं रचलेली आणि शोधणारा नव्या क्रमानं पानं उलटणारा, असं झालं की टेबलात असलेली नोंदही सापडत नाही. ‘अशी नोंद नाहीच’ असं समजून डेटाबेस तीच नोंद पुन्हा आत घेतो. एकमेव असायला हवा तो ग्राहक दोनदा नोंदला जातो. एररचा संदेश येत नाही. डेबियन ९ वरून १० वर जाताना नेमकी हीच लायब्ररी बदलली.

आणि इथे डेटाबेस हातानं बसवलेला असला तरी सुटका नाही, कारण जीलिबसी सिस्टिमचीच असते. पॅकेज मॅनेजरनं आपलं काम बिनचूक केलेलं असतं. डेटाच्या फोल्डरमध्ये काय रचून ठेवलंय, हे त्याला कळायला मार्गच नसतो.

पोस्टग्रेस १५ पासून डेटाबेस स्वतः क्रमाच्या नियमांची आवृत्ती नोंदवून ठेवतो आणि ती जुळली नाही तर जोडणी होताना इशारा देतो. लॉगमध्ये तो इशारा दिसला, की सगळं सुरळीत चाललेलं वाटत असलं तरी आधी मजकुराचे इंडेक्स नव्यानं बांधून घ्या. नोंदवलेली आवृत्ती ताजी करायची ती त्यानंतर. आधी केली तर इशारा बंद होतो आणि बिघडलेला इंडेक्स तसाच राहतो.