मानेतला जादा स्नायू

एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरी-देवगडच्या बागांत आंबा उतरवणारे गडी सकाळपासून झेला धरून उभे असतात. मान मागे टाकलेली, हात डोक्याच्या वर. संध्याकाळी एखाद्याच्या करंगळीला मुंग्या येतात, हात जड होतो. तेल चोळून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा बागेत येतो. शेजारी तेवढंच काम करणाऱ्या त्याच्या वयाच्या गड्याला मात्र काहीच होत नाही. असं का? कधी कधी याचं उत्तर दोघांच्या मानेच्या आतल्या रचनेत असतं.

मानेच्या मणक्यांपासून वरच्या दोन बरगड्यांपर्यंत स्कॅलीन नावाचे स्नायू उतरतात. त्यांतल्या पुढच्या आणि मधल्या स्नायूमधल्या चिंचोळ्या फटीतून हाताचे मज्जातंतू आणि मुख्य धमनी बाहेर पडते. पुस्तकातलं चित्र इथेच संपतं. शवविच्छेदनात मात्र बऱ्याच जणांच्या या जागेत आणखी एक बारीक स्नायू सापडतो, स्कॅलिनस मिनिमस. तो बहुधा सातव्या मणक्यापासून निघतो आणि पहिल्या बरगडीवर व फुप्फुसाच्या टोकावरच्या पडद्यावर येऊन चिकटतो. काहींच्या एकाच बाजूला असतो, काहींत स्नायूऐवजी नुसता घट्ट पट्टा असतो. कुणाच्या मानेत मज्जातंतूंचं वरचं मूळ फट सोडून थेट पुढच्या स्नायूतूनच आरपार जातं.

हा आजार नव्हे. बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. पण जागा आधीच अरुंद असेल आणि हात तासन्‌तास वर राहिले, तर करंगळीकडे जाणाऱ्या खालच्या तंतूंवर दाब येतो. म्हणून मुंग्या करंगळीकडे येतात. मनगटात नस दबली, तर त्या अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटांत येतात. एवढा फरक रुग्णाने नीट सांगितला तरी डॉक्टरांचं निम्मं काम होतं, असं मला वाटतं.

एक्स-रेमध्ये मानेची जादा बरगडी दिसते, असा स्नायू दिसत नाही; त्यासाठी एमआरआय लागतो, आणि त्यातही बारीक पट्टा निसटू शकतो. खांद्याच्या शस्त्रक्रियेआधी याच फटीत भुलीचं इंजेक्शन देतात. तिथे सोनोग्राफीने आधी पाहून घेणं फार मोलाचं, कारण एखादं मूळ भलतीकडून गेलेलं असलं तर नुसत्या अंदाजाने दिलेली भूल अपुरी पडू शकते.

बहुतेकांना व्यायाम आणि कामाची पद्धत बदलून आराम पडतो. मात्र अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग खोल जायला लागला, पकड सुटू लागली किंवा हात गार आणि पांढरा पडू लागला, तर आंब्याचा हंगाम संपायची वाट पाहू नये.